सायबिणीच्या राखणीतला फोन

आमच्या शेजारच्या दाजी परबांना हाक मारायची असेल तर ओरडून उपयोग नसतो, फोन करावा लागतो. माझं खळं, म्हणजे अंगण, आणि त्यांचं खळं यांच्यामध्ये एक दगडी गडगा आहे, तोही जेमतेम कमरेइतका. एकदा त्यांचा पाडा, म्हणजे गोऱ्हा, माझ्या वांग्यांत शिरला. दाजी पडवीतल्या बाकावर बसलेले मला धडधडीत दिसत होते.

"दाजीनू, पाडो वांग्यात घुसलो!" मी ओरडले.

जन्मभर शाळेत पोरांवर ओरडून कमावलेला माझा गळा. खाडीपलीकडचा माणूस दचकेल. दाजी ढिम्म. मान खाली, बोट स्क्रीनवर, चेहऱ्यावर निळा उजेड. शेवटी घरात गेले, माझा डबडा फोन घेतला आणि त्यांचा नंबर लावला. गडग्यापलीकडे शंख वाजला, कारण त्यांच्या फोनात घंटीच्या जागी शंख आहे.

"ह्यॅलो, कोण बोलता?"

"फिलू टीचर. जरा मान वर करा."

त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, हात हलवला आणि फोनातच विचारलं, "आज खंय आसंस गो?"

पाड्यानं तोवर वांग्यांचं तिसरं झाड संपवलं होतं.

पण तुम्ही दाजींना असातसा माणूस समजू नका. आमच्या गावचं गाऱ्हाणं त्यांच्या घराण्याकडे. बाहेरगावच्या माणसाला हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे नारळ ठेवून देवाला जे सांगायचं ते मनातल्या मनात सांगत नाहीत. सगळ्यांच्या वतीनं एक माणूस उभा राहून खड्या आवाजात सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. तेवढं म्हटलं की शिक्का बसला. मग माणसालाही मागे फिरता येत नाही आणि देवालाही. मी ख्रिस्ताव. माझा देव हळू बोललेलंसुद्धा ऐकतो. पण याच गावात जन्मले, याच गावात लग्न होऊन राहिले, त्यामुळे "आमेन" शिकायच्या आधी "व्हय म्हाराजा" माझ्या तोंडात बसलं होतं.

जत्रेच्या दिवशी रवळनाथाच्या देवळात दाजींचं गाऱ्हाणं ऐकायला मसुऱ्यापासून माणसं यायची. गावातली वाडी न् वाडी, घर न् घर ते नाव घेऊन सांगत. कोणाचा झील, म्हणजे मुलगा, आखातात गेला, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या विहिरीला पाणी लागत नाही, कोणाची सून पहिल्या बाळंतपणाची आहे. हातात कागद नाही, चिठोरं नाही. आणि आमचं घर आलं की हमखास म्हणायचे, "गडग्यापलीकडच्या फिलू टीचराच्या घराची राखण तेंची सायबीण करता, तरीय तुजो एक डोळो थंय ऱ्हवांदे रे म्हाराजा!" सायबीण म्हणजे आमची मारिया माय. रवळनाथाला शेजारच्या खात्यातलं काम सांगणारा हा एकच माणूस मी पाहिला.

कोणी विचारलं, "दाजीनू, इतक्या सगळ्या लक्षात ऱ्हवता कसां?" की ते कपाळावर बोट मारून म्हणायचे, "टकलेत आसा." हे त्यांचं पालुपद. रेशनकार्ड कुठे ठेवलं, टकलेत आसा. आंब्याचं कलम कधी लावलं, टकलेत आसा. आणि ते खरंच असायचं.

त्यांची तालीम चालायची पहाटे विहिरीवर. दाजी पाणी ओढता ओढता देवाला हाका घालायचे आणि वत्सलावहिनी आत आडाळ्यावर नारळ खवता खवता "व्हय म्हाराजा" म्हणायच्या. माझी झोप त्यानंच मोडायची. कधी कधी आतून "व्हय" यायचंच नाही. मग दाजींनी विचारायचं, "कित्या गो, काय झाला?" वहिनी म्हणायच्या, "मी म्हणूचंय नाय. ह्यां गेल्या वर्साचां सांगतास. त्या चेडवाचां लगीन झालां." की दाजी ती ओळ दुरुस्त करून पुन्हा म्हणायचे. तेव्हा कुठे शिक्का बसायचा. गाऱ्हाणं दाजींचं खरं, पण तपासनीस आतमध्ये होती.

वहिनी बोलायला मोजक्या. दाजी बाहेरून आले की उंबऱ्यातून एकच प्रश्न, "जेवलास काय?" मग दाजी कुडाळच्या बाजाराहून आलेले असोत की मागच्या परड्यातून. एकदा तर ताटावरून उठून हात धुवायला गेले आणि परत आले, तर सवयीनं तोच प्रश्न. आम्ही किती हसलो होतो!

वहिनी गेल्या. दुखणं फार नव्हतं, वयही फार नव्हतं. मुलगा सुनील पुण्याहून आला, सगळं रीतीनं केलं, आणि जाताना बापाला मोठा फोन घेऊन दिला. "बाबा, रोज तोंड बघून बोलू," म्हणाला. मुलगा वाईट नाही हो. सुरुवातीला रोज बोलायचा. मग रविवारी. मग नुसता निरोप. मग दाजींनी पाठवलेल्या फुलांच्या चित्राला एक पिवळा अंगठा.

"टीचर, माजो झील माका आंगठो दाखवता," दाजी मला म्हणाले. मी हसले. तेही हसले. पण माझ्याआधी थांबले.

घरात आवाज नको का माणसाला? दाजींनी सकाळी उठल्यापासून फोन लावायला सुरुवात केली. आधी भजनं, मग बातम्या, मग काहीही. कुठे कोण बर्फात घसरतोय, कुठे कोण अस्वलाला अंघोळ घालतोय. सगळ्यात आवड स्वयंपाकाच्या बायांची. दुपारी पेजेचं ताट पुढे घेऊन, फोन तांब्याला टेकवून दाजी बसायचे. फोनातली बाई म्हणायची, "चला, आता गरमागरम वाढून घेऊया," की हे आपले म्हणायचे, "वाढ गो बाये." मी एकदा लोणचं द्यायला गेले आणि हे ऐकून दारातूनच मागे फिरले. ताटात नुसती पेज आणि सुकी मिरची होती.

मग हळूहळू टकलेतलं निसटायला लागलं. आमटीत सोलं घातली की नाही आठवेना, म्हणून परत घालायचे. अशी आंबट आमटी की पाड्यानंही तोंड फिरवलं असतं. एकदा कुडाळच्या आठवडा बाजाराला म्हणून सकाळच्या एसटीनं गेले. मी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणायला सांगितली होती. दुपारी रिकामी पिशवी घेऊन हजर.

"बाजार नाय भरलो?"

"भरलो आसतलो," दाजी म्हणाले. "माका उतराक गावला नाय. एक माणूस मगरीक औषध पाजी होतो. तो पाजीसर कुडाळ इला. मगर वाचता काय नाय बघीसर गाडी परत फिरली."

"आणि मगर?"

"वाचली," ते समाधानानं म्हणाले. "पण तुजी सुंगटां ऱ्हवली."

या माणसाला शिव्या कशा घालायच्या? तरी मी घातल्या. शिरा पडो त्या फोनावर, म्हटलं. ते हसत ऐकत होते, आणि ऐकता ऐकता बोट परत स्क्रीनवर गेलं.

पालुपदसुद्धा बदललं. माझ्या मडगावच्या लेकीला त्यांनी मांडीवर खेळवलेलं. तिचं नाव त्यांना आठवेना. कपाळाकडे निघालेलं बोट मध्येच वळलं आणि खिशावर आलं. "फोनात आसा," ते म्हणाले. खरंच शोधून काढलं. फोटो काढला, नाव वाचलं आणि मला म्हणाले, "मरिना. बरोबर?" जणू मला माझ्या लेकीचं नाव सांगत होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

बाप तसा लेक. चतुर्थीला सुनील दोन दिवस आला होता. मी गणपती बघायला गेले तर पडवीत बापलेक एकाच बाकावर, दोघांच्या माना खाली. दाजींनी काहीतरी दाबलं. सुनीलच्या हातात टिंग वाजलं. त्यानं मान वर न करता अंगठा लावला. दाजींनी मला हळूच स्क्रीन दाखवली. निरोप होता, "शुभ संध्याकाळ." हातभर अंतरावर बसलेल्या मुलाला.

मी शाळेत पोरांना सांगायची, डोकं म्हणजे बागायतीचा पाट आहे. पाणी सोडत राहिलात तर वाहतो, नाही सोडलंत तर पाल्यापाचोळ्यानं बुजतो. पोरं ऐकायची नाहीत, हा म्हाताराही ऐकेना. आणि व्हायचं ते वैशाखात झालं.

बाबी सावंतांनी नवीन घर बांधलं. बाबी कट्टर माळकरी. घरात कांदासुद्धा वार बघून येतो. घरभरणीला गाऱ्हाणं घालायला दाजींना बोलावलं. घर सुखरूप पुरं झालं म्हणून देवाला पाच नारळांचा मान द्यायचा ठरला होता. दाजी सकाळपासून गावठी कोंबड्याची सागोती करणाऱ्या एका बाईत गुंतलेले. शेवटच्या क्षणी फोन खिशात टाकून उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले, "ह्या तुज्या लेकरान तुका जो पाच कोंबड्यांचो मान बोललेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

मीही म्हटलं. खोटं कशाला सांगू? निम्मी माणसं हातातल्या फोनावर चित्रण करत होती आणि उरलेली त्यांच्या स्क्रीनमध्ये डोकावत होती. दाजींचं लक्ष नव्हतं, पण ऐकणाऱ्यांचं तरी कुठे होतं? दुपारी गोड जेवून सगळे चित्रण बघत बसले तेव्हा कळलं. बाबी सावंतांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गळ्यात तुळशीची माळ आणि देवाला पाच कोंबडे बोललेले, तेही अख्ख्या गावाच्या साक्षीनं.

शिक्का बसलेला, फिरवणार कोण? शेवटी बाबींनी कोंबडे आणले आणि मारायचे नाहीत म्हणून जिवंतच देवळाच्या आवारात सोडले. देवाचे कोंबडे, त्यांना हात कोण लावणार? ते माजलेत आता. गाव अजून त्यांना "दाजीचे कोंबडे" म्हणतं. लोक हसले. दाजीही हसले. घरी आले, पडवीत बसले, आणि बराच वेळ फोन हातात असूनसुद्धा त्यांनी तो लावला नाही.

भात कापणी आटोपली, जत्रा तोंडावर आली, आणि मानकऱ्यांची बैठक बसली. दाजी बैठकीहून आले ते थेट माझ्याकडे. मी तेर्स, म्हणजे सायबिणीची संध्याकाळची प्रार्थना, संपवून मेणबत्ती विझवत होते.

"टीचर, गाऱ्हाणां माज्याकडसून काढतत."

"कोणाक देतत?"

"कोणाक नाय. माज्याच आवाजात रेकॉर्ड करतले आणि फोनार लावतले. चूक झाली तर परत करूक गावता म्हणतत." ते खाली बसले. "म्हणजे मी आसतलंय, आणि माजो आवाज थंय खोक्यातसून येतलो. देव इचारतलो नाय, ह्यो मेलो काय म्हणान?"

मी पाणी दिलं.

"मी तेंका सांगलंय, एक डाव माका उभ्या ऱ्हवांदेत. चुकलंय तर मगे तुमचो खोको." मग त्यांनी कपाळावर हात ठेवला. "पण टीचर, हंय काय ऱ्हवणा नाय गो. एक नाव येता, ता धरूक जातंय, तेवड्यात ता वर सरकता. बोट लावलंय नाय तरी सरकता."

असं म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "जत्रा होयसर तुज्याकडे ठेय. माज्या घरात ऱ्हवलो तर माका ऱ्हवूक जावचा नाय. तुमच्या सायबिणीच्या राखणीत ठेय. तिच्याकडसून चोरूक माजो हात जावचो नाय." आणि दारातून मागे वळून म्हणाले, "झिलाचो फोन इलो तर तेवडी हाक मार हां."

अशा रीतीनं मारिया मायच्या पायाशी, मेणबत्त्यांच्या शेजारी, दाजी परबांचा फोन जाऊन बसला.

पहिले दिवस काय सांगू! विस्तव मागायला आले, मीठ मागायला आले, माझ्याकडे नसलेल्या मांजराची चौकशी करून गेले. प्रत्येक वेळी नजर सायबिणीकडे, आणि तीही सायबिणीच्या पायाखाली. एकदा तर हात जोडून उभे राहिले. मी म्हटलं, "दाजीनू, नमस्कार कोणाक?" तर म्हणाले, "दोघांकय." रिकामा अंगठा हवेत आपोआप हलायचा. विहिरीवर पाणी ओढताना मध्येच थांबायचे, दोरी हातात तशीच.

आणि तालीम होईना. मी विचारलं तेव्हा कळलं की वहिनी गेल्यापासून घरात गाऱ्हाणं झालंच नव्हतं. "एकट्यान कसां घालतलंय? व्हय म्हणूक कोण तरी व्हया." मग म्हणाले, "फोनातल्या बायेक इचारून बघलंय एकदा. बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा, असां म्हटलंय. तर ती म्हणता, माफ करा, मला समजले नाही. परत म्हटलंय. परत माफी. टीचर, ती बाय मागता तितकी माफी देतली, पण व्हय काय म्हणणा नाय."

मला रडूच आलं. पण टीचर रडत नसते, ओरडते. "उद्या पाटे विहिरीर," मी ओरडले. "मी म्हणतंय व्हय!"

तर पहाटे दाजी विहिरीवर आणि मी गडग्याच्या अलीकडे, हातात तेर्साची माळ, तोंडात "व्हय म्हाराजा." पाद्रीबाबांनी बघितलं असतं तर मला वेगळं कुमसार, म्हणजे पापाची कबुली, द्यावी लागली असती. दाजी अडायचे, घरं गाळायचे, मेलेल्यांना आखातात पाठवायचे. मग मी वहिनींसारखी गप्प राहायची. ते थांबायचे, विहिरीत बघायचे आणि दुरुस्त करायचे. हळूहळू वाड्या जागेवर यायला लागल्या. एक दिवस मरिनाचं नाव आलं, न अडखळता. मी व्हय म्हणायचंच विसरले.

फक्त एका जागी रोज अडायचं. गाऱ्हाणं घालणाऱ्याचं घर सगळ्यात शेवटी येतं, ही रीत. तिथे आले की दाजी बादली उचलून चालू लागायचे. "पुढला?" मी विचारायची. "टकलेत आसा," एवढंच उत्तर.

आणि फोन? तो वाजला एकदा. शंख ऐकून दाजी पंचा सावरत गडग्याशी धावत आले. "झिलाचो?" कंपनीची बाई होती, कसलंसं गाणं लावून घ्या म्हणत होती. मी खरं सांगितलं. "बरां," ते म्हणाले आणि परत गेले. त्यांची पाठ मला बघवेना. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ते शेतात होते. तीच बाई, तेच गाणं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "इल्लो काय फोन?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इल्लो. सुनीलाचो. तुमी खळ्यात नाय होतास."

दाजी उंबऱ्यावर टेकले. "काय म्हणालो?"

"इचारी होतो, जेवलास काय म्हणान."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. "आणि?"

झालं. त्या दिवसापासून तेर्स संपला की सायबिणीच्या देखत माझं खोटं सुरू. आज सुनीलला बढती, उद्या नातवाला पडसं, परवा सुनेनं केलेल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, आमटीला तुमच्या हाताची चव नाही म्हणत होता. मी मोठी कथेकरी झाले. दाजी लहान पोरासारखे ऐकायचे, मध्ये बोट हलायचं नाही, नजर हलायची नाही. माझ्या वर्गात असं लक्ष एका पोरानं दिलं नव्हतं.

जत्रेच्या सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून आले. मी म्हटलं, "फोन घेतास?"

"नुको. ऱ्हवांदे." मग जरा थांबून म्हणाले, "टीचर, तुका एक सांगू? सुनीलान फोन केलेलो नाय. माका पयल्याच दिसा कळला."

माझा चेहरा पडला. "कसां?"

"जेवलास काय, असां तो कधी इचारणा नाय. तां तेच्या आवशीचां बोलणां." त्यांनी टोपी सारखी केली. "इतक्या दिसात माका तां आठवाक नाय होता. कसल्या कसल्या बायो बघलंय, जेवणां बघलंय, पण तिना काय इचारल्यान तां टकलेतसून गेल्ला. तू म्हटलंस आणि तिचो आवाज इलो. मगे मी रोज इचारी होतंय. तू सांगी होतंस म्हणान."

मी सायबिणीकडे बघितलं. तिनं काही मदत केली नाही.

देवळात ही गर्दी. खाजेवाले, खेळणीवाले, मुंबईकर. मी कडेला पिंपळाखाली उभी. मानकऱ्यांनी एका बाजूला खोका तयारच ठेवला होता. दाजी नारळासमोर उभे राहिले, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"हे बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा! आज तुजी सगळी लेकरां तुज्या पायाकडे गोळा झाली आसत, तेंची चाकरी गोड करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वाड्या सुरू झाल्या. घरामागून घर. मध्येच दाजीच्या कोंबड्यांपैकी एकानं अशी काही बांग दिली की अख्खं देऊळ हसलं. बाबी सावंतसुद्धा हसले. मला वाटलं, आता तुटलं. दाजींनी कोंबड्याचं पुरं होऊ दिलं आणि जिथे सोडलं होतं त्याच घरापासून पुढे उचललं. एका नावाला अडले. डोळे मिटून उभे राहिले, घाई केली नाही, आणि नाव आलं. आमचं घर आलं, सायबीण आली, मरिना आली. लोकांचे हातातले फोन एकेक करत खाली गेले. त्यांनाही आपापलं घर ऐकायचं होतं.

मग शेवटचं घर.

"आणि हे बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या चाकराच्या घराचां. माजो झील सुनील, पुण्याक आसा..."

दाजी थांबले. गर्दी वाट बघत राहिली. कोणीतरी कुजबुजलं, "इसारलो. इसारलो म्हातारो." एक मानकरी खोक्याकडे सरकला.

विसरले नव्हते हो ते. मला दिसत होतं ना. डोळे उघडे होते त्यांचे. त्यांना मागता येत नव्हतं. "तेका घराक धाड" म्हटलं की शिक्का बसणार, आणि पोराला दावं लावून ओढून आणल्यासारखं होणार. "तेका माजी आठवण होवंदे" म्हटलं तर सगळ्या गावासमोर कबूल करायचं, की आठवण होत नाही. साऱ्या गावासाठी मागणाऱ्या माणसाला स्वतःसाठी काय मागावं हे ठरवता येत नव्हतं, आणि तो सगळ्यांसमोर तसाच उभा होता.

मला राहवलं नाही. बायका पुढे होऊन म्हणत नाहीत, त्यातून मी ख्रिस्ताव. पण शाळेत कमावलेला गळा कामाला आला.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. क्षणभर कोणाला काही कळेना. मग बाबी सावंतांनी दाजींकडे बघितलं, हात जोडले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आणि मग सगळी गर्दी म्हणाली, जोरात, इतकी की पिंपळावरचे कावळे उडाले. काय मागितलं ते कोणाला माहीत नव्हतं. शिक्का मात्र बसला.

दाजींनी खाली वाकून नारळाला हात लावला. वर यायला त्यांना वेळ लागला. खोक्याकडे कोणी बघितलं नाही.

संध्याकाळी ते खाज्याचा पुडा घेऊन माझ्याकडे आले. फोन सायबिणीच्या पायाशी होता, चार्ज करून ठेवलेला. सुनीलचा फोन आला नव्हता. मी तसं सांगणार होते, पण त्यांनी विचारलंच नाही. उंबऱ्यात उभे राहून माझ्याकडे बघत म्हणाले,

"जेवलंस काय गो?"

मी जेवून, भांडी घासून ठेवली होती.

"नाय," मी म्हटलं. "बसा. वाढतंय."